वॉशिंग सेंटरवरची अग्निमाता

"मागं बघायचं नाही! जो मागं बघेल त्याचे डोळे जातील!"

कॉर्डलेस माइकवरून महाराज ओरडले आणि शे-दोनशे माणसं मान धरल्यासारखी ताठ झाली. गुरुवारची सकाळ, कुरुळीच्या शिवेवरचं बंद पडलेलं वॉशिंग सेंटर. जिथं पूर्वी ट्रक चढवून खालून धुवायचे, त्या सिमेंटच्या रॅम्पवर भगवी सतरंजी टाकून अग्निनाथ महाराज बसले होते. खाली लोक. कुणी नाइट शिफ्ट संपवून थेट आलेले, खांद्याला डब्याची बॅग. कुणी बाया कडेवर लेकरं घेऊन. आणि पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत, एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन बसलेले माझे सासरे.

"भक्तहो," महाराजांनी आवाज एकदम मऊ केला, "तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये व्हायब्रेशन आहे. आहे की नाही?"

"आहे!" लोक म्हणाले.

"मग जिनं हे ब्रह्मांड चालवलं तिच्यात व्हायब्रेशन नसेल का? भरपूर असेल! अमेरिकेतले शास्त्रज्ञ मला मिसकॉल देतात. मी उलटा फोन करत नाही. का करावा? त्यांना गरज आहे, त्यांनी करावा!"

लोक खूश झाले. अमेरिकेला कुणी ताटकळत ठेवलं की आपल्याकडे बरं वाटतं. मग महाराज बोलता बोलता थांबले. त्यांची नजर लोकांच्या डोक्यांवरून पलीकडे कुठंतरी लागली. हातातला चिमटा थरथरू लागला. ते हळूहळू उठले, डोळे गरागरा फिरवले, चार श्वास घेतले आणि माइक फाटेल अशा आवाजात ओरडले, "ऊठ माते! ऊठ! ऊऽऽठ!"

आणि खरंच, लोकांच्या पाठीमागं, टेकडीच्या आडून, सुंऽऽऽ करत पांढऱ्या धुराची रेघ सरळ आभाळात चढली.

"आता बघा!" महाराजांनी परवानगी दिली. सगळे गर्रकन वळले. आमच्या शेजारच्या शालनबाई "आली गं बया, आली!" म्हणत केस सोडून घुमायला लागल्या. धुराच्या टोकाशी एक केशरी ठिपका उमलला आणि हेलकावे खात टेकडीमागं उतरू लागला.

"पदर! देवीचा पदर!" लोकांनी हात जोडले.

तो देवीचा पदर नव्हता. ती माझी शिफॉनची जुनी साडी होती. मी स्वतः ती पॅराशूटसाठी गोल कापून, कडा शिवून, दोऱ्या बांधून दिली होती. एवढी माणसं आपल्या जुन्या साडीला नमस्कार करताना बघून बाईमाणसाला काय वाटेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

मी जयमाला. दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि चाकण पट्ट्यातल्या एका हौशी रॉकेट मंडळाची सुरक्षाप्रमुख आहे. हसू नका. आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट बनवणारी माणसं सुट्टीच्या दिवशी स्वतःचं काहीतरी बनवून उडवतात, एवढंच ते मंडळ. म्होरक्या अजिंक्य. लातूरकडचा, कंपनीत सीएनसी मशीन चालवतो. दिव्या रावेतहून येते, ती आयटीतली. रॉकेट किती उंच गेलं ते मोजणारी चिमुकली सर्किटं तिची. वर्क फ्रॉम होम करता करता ती माळावर कशी येते, ते कृपा करून तिच्या कंपनीला विचारू नका. पोलिसांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्या परवानग्या आम्ही काढलेल्या आहेत. माळ आमच्या घरचा, टेकडीच्या पलीकडचा. सासऱ्यांनी, म्हणजे सोपानराव आप्पांनी, स्वतः होऊन दिला. "उडवा," म्हणाले होते, "बाभळीशिवाय तिथं कायबी उगवत न्हाई. तुमचं काय उगवलं तर बगू."

उडवायचा वार गुरुवार. कारण आमच्या भागात बऱ्याच कंपन्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आणि नियम माझा एकच, पण कडक: बटण दाबण्याआधी टेकडीच्या माथ्यावर लाल झेंडा चढवायचा, म्हणजे अलीकडच्या माणसांना कळेल की आता पलीकडे जायचं नाही. झेंडा चढला की लगेच उड्डाण. काही अडचण आली तर झेंडा खाली.

महाराजांनी गुरुवार पकडला तो गुरूचा वार म्हणून. देवी गुरुवारीच का प्रकटते, यावर त्यांनी लांबलचक प्रवचन दिलं होतं. कुठल्याही कंपनीच्या नोटीस बोर्डावर त्याचं उत्तर एका ओळीत मिळालं असतं, पण नोटीस बोर्डाला कोण हार घालणार?

हे महाराज पूर्वाश्रमीचे गणराज डीजे. लग्नाच्या वरातीत स्पीकरची भिंत घेऊन फिरायचे. धंदा बसला तेव्हा वॉशिंग सेंटरमध्ये येऊन राहिले, आणि पहिल्याच गुरुवारी आमचं रॉकेट बघून त्यांना साक्षात्कार झाला. माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर घरचेच होते. साउंड सांभाळणारा ओंकारही घरचाच, त्याला फक्त भगवी लुंगी नेसवायची होती.

हे सगळं एवढ्यावर थांबलं असतं तर मी दात काढून हसले असते. पण आप्पांना शुगर आहे. बरीच वर्षं आहे. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिन. उजव्या पायाच्या करंगळीला चपलेनं साधं घासलं, त्याची जखम झाली आणि ती भरेना. म्हणूनच ती दुसरी चप्पल हातात होती. महाराजांनी त्यांना सांगितलं, "आप्पासाहेब, सुया टोचून टोचून तुमच्या शरीरातला अग्नी बाहेर गळून चालला आहे. सुई बंद. हे मातेचं भस्म. चिमूटभर जिभेवर, चिमूटभर जखमेवर."

आणि आप्पांनी सुई बंद केली. फ्रीजच्या दारात इन्सुलिनची बाटली नुसती गार होत बसली.

त्या गुरुवारी मी गर्दीतून वाट काढत आप्पांपाशी पोचले तेव्हा ते डोळे मिटून भस्म चाटत होते.

"आप्पा, घरी चला. आणि ती देवी नाही, ते आमचं रॉकेट आहे. तुमच्याच माळावरून उडालंय!"

आप्पांनी एक डोळा उघडला. "ठावं हाय मला."

"ठाऊक आहे?"

"व्हय. म्हाराजांनी सांगितलंय. तुमी पोरं निमित्त. उडिवणारी तीच. नाय तर मला सांग मास्तरीणबाई, म्हाराजांनी 'ऊठ' म्हटल्याबिगर तुमचं यंत्र एकदा तरी उठलंय का?"

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. खोटं पाडायला गेले, तर माणूस आधीच माझ्या पुराव्यावर मांडी घालून बसलेला.

मी त्यांच्या हातातली पुडी घेऊन हुंगली. करपलेल्या पाकाचा वास! तो वास मी हजारातून ओळखेन. आमच्या रॉकेटच्या इंधनात साखर असते. जळल्यावर नळीत जी काजळी उरते तिला अगदी हाच वास येतो. जळक्या नळ्या आम्ही माळावरच्या एका पिंपात टाकायचो आणि ते पिंप दर आठवड्याला आपोआप रिकामं व्हायचं. आम्हाला वाटायचं, भंगारवाला किती सज्जन आहे.

"आप्पा, अहो ही साखरेची राख आहे! साखरेच्या रोगाला तुम्ही साखरेची राख खाताय!"

"देवीच्या अंगाला ग्वाडच वास यायचा," आप्पा शांतपणे म्हणाले, आणि पुडी परत घेतली.

घरी सासूबाई, म्हणजे अंबुबाई, आम्हा दोघांवरही भडकल्या. "ह्यांना अक्कल न्हाई आन तुला दम न्हाई. आगं, आधी गोडीनं सांग त्या खुळ्यांना!"

गोडीनं सांगायला मी अजिंक्यला पाठवलं. पुढच्या गुरुवारी उड्डाण झाल्यावर तो रॉकेट हातात घेऊन थेट वॉशिंग सेंटरवर गेला. लोकांना ते उघडून दाखवायचं, नळी दाखवायची, साडी दाखवायची, असा बेत होता. बराच वेळ झाला तरी पोरगा परत येईना. आला तेव्हा गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर कुंकू आणि हात रिकामे.

"रॉकेट कुठंय?" मी विचारलं.

"मॅडम, लोकं त्याच्यावर नारळ फोडायलेत," अजिंक्य रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी म्हणालो, हे मी बनवलंय. तर महाराज म्हणले, बघा, देवीचा पुजारी स्वतः चालत आला! एक म्हातारी माझ्या पाया पडली. मी तरी काय करू?"

"शेपटीचे फिन्स सुद्धा गेले?" दिव्यानं विचारलं.

"एक फिन मोडला. प्रसाद म्हणून वाटला."

दिव्या डोकं धरून खाली बसली. मी मात्र चिडून चिडून थकले होते. त्याच संध्याकाळी आप्पांना जवळजवळ फरपटत चाकणच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पट्टी सोडली, जखम बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. करंगळी काळी पडायला लागली होती. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "ही राख जखमेवर कुणी लावली? आणि इन्सुलिन आज सुरू झालं नाही, तर मी बोटाचं बोलणार नाही, पायाचं बोलेन."

परत येताना रिक्षात मी आप्पांच्या पायाकडे बघत होते. ज्या माणसानं लग्नानंतर मला बी.एड.ला घातलं, भावकीनं नावं ठेवली तेव्हा "सून शिकतीय, तुमच्या पोटात का दुकतंय?" म्हणून सगळ्यांची तोंडं बंद केली, तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर एका डीजेच्या नादानं पाय घालवणार, या विचारानं मला रडू आलं. आप्पांनी ते बघितलं.

"रडू नगंस," ते म्हणाले, "म्हाराज लई मोटा मानूस हाय. आज तर दोनदा उटलं."

"म्हणजे?"

"आदी एकदा चिमटा घेऊन उटलं, आंग थरारलं, आन मग सवताच खाली बसलं. म्हनलं, देवीचा आत्ता मूड न्हाई. आन खरंच, तवा कायबी उडलं न्हाई! मग थोड्या वक्तानं पुन्यांदा उटलं, तवा उडली. आता ह्ये कसं कळलं त्येंला?"

मी रिक्षात ताडकन सरळ बसले. त्या सकाळी आम्ही झेंडा चढवला होता, आणि गावातल्या दुर्गाबाईंच्या बकऱ्या माळावर घुसल्या होत्या. म्हणून मी ओरडून झेंडा उतरवायला लावला. बकऱ्या हाकलल्या आणि झेंडा पुन्हा चढवला.

मग डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. लोकांची पाठ टेकडीकडे. महाराजांचं तोंड टेकडीकडे. मागं बघाल तर डोळे जातील! मीच घालून दिलेल्या नियमाचा झेंडा दर गुरुवारी त्यांना खूण करत होता.

मी लगेच बोलले नाही. बोलून काय उपयोग होतो ते बघितलं होतं. त्यापेक्षा पैज मारली.

"आप्पा, महाराज देवीला आज्ञा करतात ना? की देवी उडणार आहे हे त्यांना नुसतं आधी कळतं?"

"आज्ञा करत्यात! त्याबिगर ती हलत न्हाई."

"मग येत्या गुरुवारी तुम्ही खुर्ची आडवी टाकून बसा. एक डोळा महाराजांवर, एक टेकडीवर. महाराजांनी 'ऊठ' म्हटल्यावर देवी उठली, तर मी मंडळ बंद करते आणि सगळ्यांसमोर भस्म चाटते. नाही उठली, तर तुम्ही तिथल्या तिथं माझ्या स्कूटीवर बसून दवाखान्यात यायचं. पण एक अट. तोवर सुई चालू. महाराज खरे असतील तर चार सुयांनी त्यांचं काय बिघडतंय?"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "सुईचं म्हाराजांना सांगायचं न्हाई."

"नाही सांगत."

"आन डोळं गेलं तर?"

त्यावर अंबुबाईंनी तोडगा काढला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना मिळालेला काळा चष्मा त्यांनी कपाटातून काढून नवऱ्याच्या नाकावर बसवला. "ह्यातनं सूर्यबी दिसत न्हाई मला," त्या म्हणाल्या, "देवी काय करनार हाय?"

पुढचा गुरुवार आला. गर्दी आणखी वाढलेली, कारण फिनच्या प्रसादाची बातमी आळंदीपर्यंत गेली होती. टेकडीवर झेंड्यापाशी अजिंक्य. पलीकडे माळावर बटणापाशी दिव्या, पण बटणाची तार काढून ठेवलेली. मी सांगेपर्यंत जोडायची नाही. मी आप्पांच्या खुर्चीमागं, फोन चालू, वायर कानात.

आप्पांनी खुर्ची आडवी टाकली. महाराजांनी लगेच हटकलं. "आप्पासाहेब, तोंड इकडे!"

"पाय पसरायला जागा लागतीय म्हाराज," आप्पा म्हणाले. "आन डोळं झाकल्यात की!"

महाराजांना काळा चष्मा पटला असावा. त्यांनी प्रवचन सुरू केलं. "भक्तहो, मनुष्याचं मन म्हणजे स्पीकर. बेस वाढवला की भिंती हलतात. पण ट्रेबल? ट्रेबल म्हणजे वासना—"

"वर," मी हळूच म्हणाले.

टेकडीवर लाल झेंडा चढला. महाराज वासनेपाशीच अडकले. चिमटा थरथरला, डोळे फिरले, आणि ते उठले. "ऊठ माते! ऊऽऽठ!"

काहीच झालं नाही. नाशिक रस्त्यावर एका कंटेनरनं हॉर्न दिला, तेवढाच आवाज.

"माता तयार होते आहे," महाराज म्हणाले. "स्त्री आहे. वेळ लागतो."

काही बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"खाली," मी म्हणाले. झेंडा उतरला. महाराज धपकन खाली बसले. "देवीचा मूड गेला. कुणीतरी मनात शंका आणली."

"वर." महाराज उठले. "ऊठ माते!"

"खाली." महाराज बसले.

"वर." महाराज अर्धे उठले.

"खाली. नाही, वर. खाली." रॅम्पवर महाराजांची उठाबशी चालली. माझ्या वर्गात कुणी गृहपाठ केला नाही तर एवढ्या उठाबशा मीही देत नाही. त्यांची लुंगी सुटायला आली, गुडघा कडकन वाजला, कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. आप्पांचे खांदे गदगद हलायला लागले. मला वाटलं चक्कर येतेय. वाकून बघितलं तर म्हातारा हसू दाबत होता.

आणि मग महाराजांनी ती चूक केली, जी फक्त डीजेच करू जाणे. घाम पुसत, डोळे चोळत, ते ओंकारकडे वळले आणि दबक्या आवाजात बोलले. माइक छातीशी धरलेला होता. आणि चालू होता.

"ओंक्या, मला दिसंना झालंय," वॉशिंग सेंटरच्या चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून आवाज घुमला, "झेंडा वर हाय का खाली?"

मग गर्दीतून कुणीतरी विचारलं, "झेंडा? कसला झेंडा?"

आप्पा माझ्या हाताचा आधार घेऊन उभे राहिले. "समद्यांनी माघारी फिरा!" ते गरजले. पूर्वी चार शेतं ओलांडून बैलाला हाक मारायचे, तो आवाज. त्याला माइक लागत नाही.

"डोळे जातील!" महाराज किंचाळले.

आप्पांनी काळा चष्मा काढला. "माजं गेलं न्हाईत. उलट आत्ताच आल्यात."

एक वळला, दोन वळले, मग सगळी गर्दी वळली. टेकडीवर अजिंक्य झेंडा घेऊन उभा होता. मी फोनमध्ये "वर" म्हणाले, झेंडा चढला. "खाली" म्हणाले, उतरला. मग लोकांनाच चेव आला. "वर!" "खाली!" असा गलका झाला, आणि अजिंक्य बिचारा घामाघूम होऊन लोकांच्या तालावर झेंडा नाचवत राहिला.

"हे सगळं निमित्त आहे!" महाराज अजून हटत नव्हते. "आज्ञा माझीच आहे!"

"मग आता डोळं मिटा आन बोलवा तिला," आप्पा म्हणाले.

महाराजांनी डोळे मिटले नाहीत. एक डोळा टेकडीवरच होता. "देवी आज मौनात आहे," ते पुटपुटले.

"तुमच्याशी अबोला धरला असंल. मी बोलवून बगतो." आप्पांनी हातातली काठी आभाळाकडे उगारली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "ऊठ गं बये! लई वाट बगायला लावलीस!"

"दिव्या, तार जोड. अजिंक्य, झेंडा वर ठेव आणि आडोशाला हो," मी फोनमध्ये सांगितलं. दोघांचाही होकार आल्यावर म्हणाले, "सोड."

सुंऽऽऽ करत धुराची रेघ चढली. माझी साडी आभाळात उघडली. यावेळी सगळ्यांनी सुरुवातीपासून बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं. जिंकलो आपण.

कसलं काय! शालनबाई केस मोकळे सोडून धावत आल्या आणि त्यांनी थेट आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. "आप्पा, देवी तुमच्या शब्दाला उटली! तुमीच खरं म्हाराज!" त्यांच्या मागं आणखी दोघी-तिघी आल्या. मग पुरुष. बघता बघता ओळ लागली. कुणीतरी रॅम्पवरून महाराजांची सतरंजीसुद्धा ओढून आणायला लागलं.

मी सतरंजीचं दुसरं टोक धरून मागं ओढलं. आप्पा क्षणभर खुळ्यासारखे बघत राहिले. मग एकदम लालबुंद झाले.

"उटा! उटा आदी!" त्यांनी काठी आपटली. "आगं शालन, ज्या पायावर डोस्कं ठिवलंस त्यो पाय कुजतोय!"

खाली बसून त्यांनी स्वतःच्या हातानं पायाची पट्टी सोडली. काळी पडलेली करंगळी सगळ्यांसमोर उघडी पडली. वास आला. शालनबाई तोंडावर हात ठेवून मागं सरकल्या.

"बगा," आप्पा म्हणाले. आवाज खाली आला होता. "नीट बगा. मला साखर झालीया. माजी सून वरडून वरडून सांगत हुती, आप्पा, ती साखरंची राख हाय. मी काय म्हनलो? देवीला ग्वाड वास यायचाच. घरात औशिद, घरात शिकलेली सून, आन मी हितं हात जोडून राख चाटतोय. मी काटी उगारली आन रॉकेट उडलं, कारन सुनंनं फोन केला. ह्यो माजा चमत्कार. आता कुनाकुनाला शुगर हाय? कुनी सुया बंद केल्यात? हात वर करा."

आधी कुणी हलेना. मग एक हात वर झाला. मग मागून दुसरा. कोपऱ्यातल्या एका बाईनं हात वर केला आणि ती रडायला लागली. तिनं लेकीचं औषध बंद केलं होतं, फिटचं. आणखी हात वर होत राहिले. मी त्या बाईपाशी गेले आणि म्हणाले, "आज, आत्ता डॉक्टरांकडे जायचं. औषध सुरू कसं करायचं ते त्यांनाच विचारायचं." मग वळून सगळ्यांनाच तेच सांगितलं.

महाराज तेवढ्यात मागच्या बाजूनं निसटायला बघत होते. लोकांनी त्यांना धरलं. मारायला हात उठले होते, पण मी मध्ये पडले आणि पोलिसांना फोन केला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तर तो वापरायचा. पोलिस येईपर्यंत आप्पांनी त्यांना त्यांच्याच रॅम्पवर बसवून ठेवलं आणि मधूनमधून काठी वर केली. प्रत्येक वेळी महाराज सवयीनं उठत होते.

मग आप्पा माझ्या स्कूटीवर मागं बसले. शब्द म्हणजे शब्द. वाटेत माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "मास्तरीणबाई, उशीर झाला का गं?"

थोडा झाला होता. करंगळी वाचली नाही, ती काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस ती राख चालली असती तर आप्पांची काठी नव्हे, कुबडी झाली असती. दवाखान्यातून आप्पा घरी आले. मी शाळेतून येऊन शेजारी बसले की माझा हात हातात घेऊन बसायचे. एकदा म्हणाले, "एक बोट देवीला व्हायलं म्हनायचं." मला हसू आलं आणि रडूही.

वॉशिंग सेंटरवर आता पुन्हा ट्रक धुतात. आणि आमच्या मंडळाला नवीन झेंडेवाला मिळालाय. दर गुरुवारी टेकडीच्या माथ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, पायात दोन्ही चपला घालून, आप्पा बसतात. अजून कुणीकुणी त्यांना विचारायला येतं, अमक्या गावात तमक्या बाबाच्या हातातून अंगारा निघतो, जाऊ का? आप्पा कुणाच्या देवाला नावं ठेवत नाहीत. ते सांगतात, "देव मानायचा का न्हाई, त्ये तुमचं तुमी बगा. पर कुनी चमत्कार दावला, तर त्येच्याकडं बगू नका. त्यो कुटं बगतोय, तिकडं बगा. आन त्यो म्हनला मागं वळू नगा, तर आदी मागं वळा." माझ्या एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात मला हे इतकं सोपं करून सांगता आलेलं नाही, म्हणून मी तेच वाक्य आता वर्गात सांगते. तुम्हीही सांगा.

इन्सुलिन आता एकदाही चुकत नाही. अंबुबाई रोज सकाळी सुई घेऊन त्यांच्या समोर उभ्या राहतात आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडतात, "झेंडा वर!"

आप्पा निमूटपणे बंडी वर करतात.